शिंपला पाणी खातो: सोलापूरच्या शेततळ्यात शिंपल्यांची शेती करावी का?

माढा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे नव्यानं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. मोडनिंबजवळ त्यांची पाच एकर जमीन आहे. त्यात डाळिंब आहे आणि ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. शेलफिशची शेती ही जगाची भूक भागवणारी उद्याची शेती आहे, तिला दाणा लागत नाही, खत लागत नाही, उलट पाणी स्वच्छ होतं, असं त्यात सांगितलंय. पाठोपाठ त्यांना एक जण भेटला. तो दोन लाखांत पाच हजार शिंपले देतो म्हणतो. मोतीही निघेल, मांसही विकलं जाईल, माल मीच परत घेईन, असं त्याचं बोलणं. प्रश्न असा, की हे खरं आहे का, आणि खरं असेल तर सोलापूरच्या शेतकऱ्यानं मागं का राहायचं?

मी मूळचा सोलापूरचाच. मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला गेलो आणि पुढची बावीस वर्षं कोकणातल्या खाड्यांवर शिणाणे (खाऱ्या पाण्यातले हिरवे शिंपले, इंग्रजीत मसल) आणि कालवं (ऑयस्टर) यांच्या शेतीत गेली, बहुतेक काम बचतगटाच्या महिलांबरोबर. गेली सहा वर्षं परत गावाकडे आहे आणि शेततळ्यांतल्या मत्स्यपालनाचं काम बघतो. म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटला.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. ही शेती जगासाठी चांगली आहे का, हा एक. ती माझ्या तळ्यात चालेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी हो आहे. दुसऱ्याचं माझं उत्तर नाही. आणि दोन्हींचं कारण एकच आहे. शिंपला पाणी खातो. जसं पाणी, तसा शिंपला.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. शेलफिश म्हणजे कवचाचे सगळे जलचर. त्यात कोळंबी आणि खेकडे येतात, आणि दोन झाकणांचे शिंपलेही येतात: कालवं, शिणाणे, तिसऱ्या, मुळे. व्हिडिओवाले हे सगळं एकाच टोपलीत घालतात. कोळंबीला खाद्य घालावं लागतं. एक किलो कोळंबी वाढवायला साधारण सव्वा ते दीड किलो कोरडं खाद्य जातं आणि त्या खाद्यात समुद्रातल्या बारीक माशांचं कूट असतं. तळ्यात पाण्यात हवा मिसळणारे एरेटर फिरवावे लागतात, माल काढल्यावर गाळ आणि पाणी कुठंतरी सोडावं लागतं. जगातल्या कित्येक किनाऱ्यांवर कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवनं तोडली गेली. भारतात २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाल्यावर हा धंदा झपाट्यानं वाढला. त्यातून परकीय चलन येतं, हजारो घरं चालतात, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यातला बहुतेक माल परदेशात विकला जातो आणि ज्याची ऐपत आहे त्याच्याच ताटात पडतो. 'दाणा लागत नाही' हे वाक्य कोळंबीला लागूच होत नाही. ते लागू होतं दोन झाकणांच्या शिंपल्याला. म्हणून इथून पुढे मी फक्त त्याच्याबद्दल बोलतो.

शिंपला पाणी आत ओढतो, त्यातले सूक्ष्म शेवाळाचे कण कल्ल्यांवर अडवतो आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतो. मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असा आकडा सगळीकडे सांगतात. तो सगळं मनासारखं असतानाचा, कमाल आकडा आहे. तापमान, खारेपणा, गढूळपणा बदलला की तो बराच खाली येतो. तरीही मूळ गोष्ट खरी आहे. या जनावराला जमीन लागत नाही, नांगरट लागत नाही, विहिरीचं पाणी लागत नाही. सोया पिकवून त्याला घालावा लागत नाही. जेवण भरती घेऊन येते.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सिंधुदुर्गातल्या एका खाडीवरचं सांगतो. पाऊस संपून ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं, की खडकांवरून शिणाण्याचं बी, म्हणजे लहान पिलं, काढायचं. दोन-अडीच सेंटिमीटरचं, हिरवट, बोटाच्या पेराएवढं. नायलॉनची दोरी जमिनीवर सरळ ताणायची, तिच्याभोवती मीटरला अर्धा ते पाऊण किलो बी सारखं पसरायचं आणि वरून मच्छरदाणीसारखं सुती जाळीचं कापड गुंडाळून टाके घालायचे. आमच्या गटातल्या बायका हे इतक्या चपळाईनं करायच्या, की टाका कुठं पडला ते दिसायचं नाही. दोरी बांबूच्या मांडवाला टांगून पाण्यात सोडली की शिणाणा पायातून रेशमासारखे बारीक तंतू काढून दोरीला धरून बसतो. काही दिवसांत कापड कुजून गळतं. शिणाणे तिथंच राहतात. पुढचे पाच-सहा महिने दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत ना, खेकडे लागले नाहीत ना, एवढंच बघायचं. चांगल्या जागी मीटरभर दोरीला दहा-बारा किलो माल लागतो. ती दोरी वर ओढायला दोन माणसं लागतात, आणि ओढताना सगळे शिणाणे एकदम झाकणं मिटतात त्याचा बारीक कटकट आवाज येतो. बावीस वर्षांत मला त्या आवाजाचा कधी कंटाळा आला नाही.

पण पाणी बिघडलं की काय होतं तेही ऐका. पहिल्या वर्षांपैकी एका वर्षी बी मिळायला उशीर झाला आणि आम्ही जानेवारीत बांधलं. मे अखेरीला माल लहानच होता. अजून पंधरा दिवस राहू द्या, वजन वाढेल, असं मी सांगितलं. गटातल्या एक वयस्कर काकी म्हणाल्या, "गोड्या पाण्यात शिणाणे मरतत, भाऊ." मी मान्सूनची तारीख धरून बसलो होतो. त्या वर्षी वळीव जोरात झाला, डोंगरातलं पाणी खाडीत उतरलं. चौथ्या दिवशी दोरी ओढली तर हलकी लागली. झाकणं उघडी, आतलं मांस गळालेलं, आणि वास कोपरापर्यंत. अकरा बायकांची पाच महिन्यांची मेहनत होती ती. त्यानंतर खारेपणा मोजल्याशिवाय मी कुणाला 'राहू द्या' म्हटलेलं नाही. शिणाण्याला समुद्राच्या जवळपासचा खारेपणा लागतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खाड्या जवळजवळ गोड्या होतात, म्हणून हे पीक नोव्हेंबर ते मे एवढंच. कालव थोडा कमी खारेपणा सोसतं. पण सोसणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

आता जगाचा हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगात मत्स्यशेतीतून ८ कोटी ७५ लाख टन जलचर प्राणी निघाले. त्यात शिंपल्यांच्या वर्गातले १ कोटी ७७ लाख टन, म्हणजे पाचवा हिस्सा. सर्वांत मोठा वाटा चीनचा. स्पेनच्या गॅलिसिया भागात समुद्राच्या आत शिरलेल्या खाड्यांत तीन हजारांहून जास्त तराफे आहेत आणि एकेका तराफ्याखाली पाचशेपर्यंत दोऱ्या लोंबतात. २०२२ साली मत्स्यशेतीनं जलचरांच्या उत्पादनात मासेमारीला पहिल्यांदाच मागं टाकलं. हे सगळं खरं आहे आणि उमेद देणारं आहे.

पण शिंपल्याचं वजन कवचासकट मोजतात, हे सांगायचं बहुतेकांकडून राहून जातं. शिणाण्यात खायचं मांस साधारण एक तृतीयांश. आपल्याकडच्या कालवात तर दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळं दगडासारखं कवच. सरासरी चौथा हिस्सा मांस धरला तरी १ कोटी ७७ लाख टनांचे ४४ लाख टन उरतात. आठशे कोटी माणसांत वाटले तर माणशी वर्षाला अर्धा किलोच्या आसपास. हा माझा ढोबळ हिशेब आहे, एखाद्या जातीला चौथा हिस्सा जास्त होईल, एखादीला कमी. पण यातून एवढं कळतं, की शिंपला ज्वारीची जागा घेणार नाही. तो कुणाची भाकरी होणार नाही.

मग त्याचा उपयोग काय? माझ्या मते खरा उपयोग भाकरीबरोबरच्या तोंडी लावण्यात आहे. भाकरी, डाळ, शेंगाचटणी यांतून पोट भरतं आणि बरीच प्रथिनंही मिळतात. त्यांत जे कमी पडतं ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, शरीराला सहज मिळणारं लोह, जस्त, आयोडीन आणि माशांत असतात ती ओमेगा-३ स्निग्धं. शिंपल्यांत नेमकं हेच भरपूर असतं. कालवाइतकं जस्त क्वचितच दुसऱ्या कुठल्या पदार्थात असेल. तिसऱ्यांच्या वाटीभर मांसात बी-१२ दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. आठवड्यातून एकदा वाटीभर रस्सा मिळाला तरी बाळंतिणीला, वाढत्या पोराला फरक पडेल. जगाचं पोषण म्हणताना मला टनांपेक्षा ही वाटी महत्त्वाची वाटते. २०२१ साली 'नेचर' नियतकालिकात पाण्यातल्या अन्नाचा पर्यावरणावर पडणारा भार मोजून मांडला होता. त्यात शेती केलेले शिंपले आणि समुद्री शेवाळ यांचा भार सर्वांत कमी निघाला. मांसाहार करणाऱ्याला इतक्या कमी खर्चात, धरणीवर इतका कमी भार टाकून इतकं पोषण देणारं दुसरं जनावर मला तरी माहीत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. शिंपला निवड करत नाही. पाण्यात शेवाळ असेल तर शेवाळ गाळतो, मैला असेल तर मैल्यातले जंतूही आत घेतो, आणि पारा-शिसं असेल तर ते अंगात साठवतो. कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर १९८७ साली शेतीतले शिणाणे खाऊन शंभराहून जास्त माणसं आजारी पडली आणि तीन दगावली. पाण्यातल्या एका सूक्ष्म शेवाळानं विष तयार केलं होतं, शिणाण्यांनी ते गाळून साठवलं होतं, आणि हे विष शिजवून जात नाही. शिणाणे दिसायला अगदी ताजे होते. म्हणून युरोपात शिंपल्यांच्या खाड्यांना दर्जा देतात. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय जंतूंची संख्या २३० च्या आत असेल तर 'ए' दर्जा, माल थेट विकता येतो. त्याहून जास्त जंतू असलेल्या पाण्यातला माल आधी निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवून आतून धुऊन घ्यावा लागतो. आपल्याकडे स्थानिक बाजारातल्या टोपलीवर अशी चिठ्ठी नसते. भारतात ही शेती वाढायची असेल तर दोरी आणि बांबूच्या आधी खाडीच्या काठच्या गावांचं सांडपाणी अडवावं लागेल. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बैठकीत मी हे बोललो आहे. लोकांना ते शेतीचं काम वाटत नाही, पण तेच पहिलं काम आहे.

यावरून उजनीकडे येतो, कारण हाही प्रश्न मला नेहमी विचारतात. भीमेत आणि उजनीच्या फुगवट्यात गोड्या पाण्यातले शिंपले आहेत, ते खावेत का, वाढवावेत का? उजनी म्हणजे ११७ टीएमसीचं धरण, आपल्या जिल्ह्याचा जीव. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येऊन याच धरणात थांबतं. उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी हिरवंगार झालेलं आणि जलपर्णीचे गालिचे आपण सगळ्यांनी पाहिलेत. मासा निदान फिरतो. शिंपला एका जागी बसून वर्षानुवर्षं तेच पाणी गाळतो. तपासणी केल्याशिवाय तिथला शिंपला मी माझ्या घरात शिजवणार नाही, तुम्हालाही सांगणार नाही. शिंपले सोडून उजनी स्वच्छ करू, असंही कुणी कुणी म्हणतात. शिंपला शेवाळ कमी करू शकतो, पण गटारावर झाकण बसवू शकत नाही. ते काम वरच्या शहरांनी आपल्या मैला-पाणी शुद्धीकरण केंद्रांतच करायचं आहे.

एक छोटा मुद्दा, कारण व्हिडिओत तो होता. शिंपल्याच्या कवचात कार्बन कायमचा बंद होतो, म्हणून ही शेती हवामानाला वाचवते, असं सांगतात. रसायनशास्त्र इतकं सरळ नाही. कवच बनताना पाण्यातले बायकार्बोनेट वापरले जातात आणि त्याच क्रियेत थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो. ही शेती चांगली आहे ती तिचा खर्च आणि भार कमी आहे म्हणून. कार्बनचं पुण्य तिच्या नावावर उगाच चढवू नये. उलट हवेतला कार्बन वाढून समुद्र आम्लधर्मी होतोय, त्याचा फटका शिंपल्याच्या पिलांनाच बसतो. २००७ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर हॅचरीतली, म्हणजे पिलं तयार करण्याच्या केंद्रातली, कालवाची पिलं मोठ्या प्रमाणावर मेली, त्यामागे हेच कारण निघालं.

आता तुमचं तळं. तुम्ही ते ३० बाय ३० बाय ३ सांगितलंय. बाजूंचा उतार धरला तर त्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतं. पहिली गोष्ट, कालवं आणि शिणाणे इथं जगणार नाहीत, पाणी गोडं आहे. मग उरतात नदीतले शिंपले, तो माणूस तेच विकतोय. एक शिंपला तासाला लिटरभर पाणी गाळतो असं धरा. पाच हजार शिंपले दिवसाला १ लाख २० हजार लिटर गाळतील, म्हणजे भरलेलं तळं अठरा दिवसांत एकदा पूर्ण गाळून होईल. सप्टेंबरात हे ठीक वाटेल. पण तुमचं डाळिंब आहे. मेमध्ये तळ्यात चौथा हिस्सा पाणी राहिलं, तर तेच पाच हजार शिंपले चार-पाच दिवसांत सगळं पाणी गाळून टाकतील. खाडीत अशा वेळी भरती नवं जेवण आणते. तुमच्या तळ्यात भरती येत नाही. प्लास्टिकच्या तळात मातीही नाही, त्यामुळे शेवाळाला खुराक वरून द्यावा लागतो: शेणकाला, युरिया, सुपर फॉस्फेट. म्हणजे 'खत लागत नाही' हा या शेतीचा जो सर्वांत मोठा गुण, तोच तुमच्या बांधावर येऊन संपला. आणि पाणी हिरवं केलंत की ठिबकचे फिल्टर तुंबणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट पिलांची. नदीतल्या शिंपल्याची पिलं थेट शिंपला होत नाहीत. ती आधी काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, मग सुटून तळाशी बसतात. योग्य जातीचा मासा आणि योग्य तळ नसेल तर पुढची पिढी होत नाही. त्यामुळे तुम्हाला विकलेले पाच हजार शिंपले कुठल्या तरी नदीतून, ओढ्यातून उचललेले असण्याची शक्यता जास्त. दरवर्षी नदीतून शिंपले उचलून तळ्यात मारायचे, याला शाश्वत शेती म्हणता येत नाही. हाच प्रश्न कोकणातही आहे. खडकावरचं बी अति काढलं की खडकावर पोट असणाऱ्या बायकांचा घास जातो. तिथं आम्ही बी काढताना खडकाचा भाग ठरवून सोडायचो, आणि त्यावरून भांडणंही व्हायची.

मोत्यांबद्दल. गोड्या पाण्यात मोती करता येतात, ही विद्या खरी आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत त्याचं प्रशिक्षण मिळतं. पण ते शस्त्रक्रियेचं काम आहे, शिंपल्याच्या आत केंद्रक, म्हणजे ज्याच्याभोवती मोती तयार होतो तो बारीक मणी, बसवायचं, नंतर त्याला जगवायचं, वर्ष-दीड वर्ष थांबायचं. त्यात मरतूक होते आणि निघालेल्या मोत्यांपैकी थोडेच विकण्याजोगे असतात. माझ्या आतेभावानं अशाच 'आम्हीच परत घेऊ' म्हणणाऱ्या एकाकडे पैसे भरले. शिंपले आले, करारही आला. माल तयार झाल्यावर प्रत कमी आहे असं सांगून घेतला नाही, नंतर फोन उचलणं बंद झालं. करारात प्रत कोण ठरवणार हेच लिहिलेलं नव्हतं. तुमच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. शिंपले कुठल्या पाण्यातून आणलेत? ज्याचा माल तुम्ही परत घेतलात अशा दोन शेतकऱ्यांच्या बांधावर मला नेता का? आणि पैसे आधी का, माल घेताना का नाहीत? तो शिंपल्यांचं मांस विकलं जाईल म्हणतो. सोलापूरच्या बाजारात नदीच्या शिंपल्याचं मांस मागायला आलेलं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.

इथवरचं थोडक्यात: समुद्राच्या स्वच्छ खाडीत ही शेती फार चांगली आहे, कारण तिथलं पाणी तिला फुकट जेवण देतं. माढ्याच्या तळ्यात ते जेवण तुम्हाला विकत घालावं लागेल, म्हणून तिथं ती चांगली राहत नाही.

मग आपण काय करायचं? शिंपल्यांनी मला एक गोष्ट शिकवली. जे जनावर पाण्यातलं बारीक शेवाळ थेट खातं, ते सर्वांत स्वस्तात आणि सर्वांत कमी भारात वाढतं. आपल्या गोड्या पाण्यात ते काम मासे करतात. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, कल्ल्यांनी पाणी गाळून शेवाळ खातो. कटला वरच्या थरातले बारीक प्राणीजीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो. तुमच्या तळ्यासाठी हेच तीन घ्या. मृगळ आणि सायप्रिनस तळ चाळणारे आहेत, प्लास्टिकच्या तळात त्यांना फारसं काही मिळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तळं भरलं की पाचशे-सहाशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडा. मत्स्यजिरे, म्हणजे अगदी नवजात पिलं, नकोत, जिऱ्यांत मरतूक फार. आठवड्याला थोडा शेणकाला द्या, पाणी फिकट हिरवं राहील एवढाच. कोपर बुडेपर्यंत हात घातल्यावर तळवा दिसेनासा झाला तर शेणकाला थांबवा. चंदेरा शेवाळ खात राहतो, त्यामुळे ठिबकलाही थोडी मदत होते, तरी वाळूचा फिल्टर हवाच. थोडा कोंडा-पेंड लागेल, ते मी लपवत नाही. शिंपल्याइतकं फुकट नाही हे, पण कोळंबीइतकं महागही नाही. एक काळजी मात्र घ्या. चंदेरा परदेशी मासा आहे, पावसाळ्यात तळं ओसंडून ओढ्याला लागणार नाही असं बघा. चिलापी (तिलापिया) हाही परदेशी मासा, ती उजनीत पसरली आणि तिथल्या मूळच्या माशांचं काय झालं, ते भिगवणचे जुने मच्छीमार सांगतील.

कुणी जंबो कोळंबीचं विचारेल म्हणून सांगतो. गोड्या पाण्यातली ती मोठी कोळंबी शेततळ्यात वाढते, पण तिची पिलं निमखाऱ्या पाण्यातच होतात, म्हणून बी दरवेळी हॅचरीतून आणावं लागतं, खाद्य द्यावं लागतं आणि हिवाळ्यात ती वाढायची थांबते. पहिल्या वर्षी नको.

आणि शिंपल्यांसाठी सोलापूरनं काही करायचंच असेल तर ते खाऊन करावं. हे मी मनापासून म्हणतोय. राज्य सरकारची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे, तीत किनाऱ्यावरच्या गटांना शिणाणे-कालवांच्या शेतीसाठी मदत मिळते. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात बचतगटाच्या महिलांनी १९९० च्या दशकापासून हीच शेती करून दाखवली. तिथं ती टिकली याचं एक मोठं कारण म्हणजे केरळी माणूस शिणाणे आवडीनं खातो, बाजार दारात होता. आमच्या खाडीवर माल तयार व्हायचा आणि विकायचा कुठं, हा प्रश्न एप्रिलमध्ये पडायचा. गोव्याचे दोन-तीन व्यापारी यायचे, भाव तेच ठरवायचे. घाटावर कोल्हापूर, सांगली, सोलापूर एवढी मांसाहारी शहरं असताना हा माल इकडे चढतच नाही. रत्नागिरी इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीची एक गाडी. जिवंत शिणाणे ओल्या गोणपाटात, गारव्यात रात्रभर तग धरतात. उकडून, मांस काढून, गोठवून आणलं तर अजूनच सोपं. विकत घेताना उघड्या झाकणावर बोटानं टिचकी मारा. मिटलं तर जिवंत, नाही मिटलं तर टाकून द्या. शिजल्यावर जो उघडत नाही तोही टाका. कोळंबी-खेकड्यानं ज्याच्या अंगावर गांधी उठतात त्यानं आधी डॉक्टरांना विचारावं. बाकी रस्सा आपल्या काळ्या मसाल्यातही उत्तम होतो. आमच्या घरी सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि शेंगदाण्याचा कूट घालून करतात. माझ्या आईनं पहिल्यांदा केला तेव्हा तिला कवचांची धास्ती वाटली होती, आता तीच विचारते, कोकणातून कुणी येणार आहे का.

तुम्ही तरुण आहात, तुमच्याकडे तळं आहे, आणि दोन लाख उभे करायची तयारी आहे. ते पैसे आज देऊ नका. तळ्याला कुंपण आहे का, पक्ष्यांची जाळी आहे का, ते कळवा. आणि गेल्या मे महिन्याच्या शेवटी तळ्यात नेमकं किती फूट पाणी उरलं होतं, ते आठवत नसेल तर प्लास्टिकवरचा जुना पाण्याचा डाग मोजून सांगा. बोटुकली पाचशे सोडायची की तीनशेच, ते त्या आकड्यावरून ठरवू.